सडकं कुणी ठरवलं?

माझ्या मायच्या चान्या सडक्या आहेत असा निकाल एका यंत्रानं दिला, आणि ते यंत्र बनवणाऱ्या कंपनीतच मी चवीची रसायनं तपासायची नोकरी करत होते. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. मी तेव्हा हसले नाही. माझं डोकं फिरलं होतं.

चान्या ठाऊक नसतील तर सांगते. म्हशीच्या मांसाच्या, आमच्या भाषेत मोठ्याच्या मटणाच्या, लांबच लांब पातळ पट्ट्या कापायच्या, हळद-मीठ चोळायचं आणि तारेवर टाकून कडक उन्हात वाळवायच्या. खडखडीत झाल्या की डब्यात भरायच्या. मग केव्हाही निखाऱ्यावर भाजा, नाहीतर भिजवून कांदा-मिरचीत शिजवा. मराठवाड्यात आमच्या वस्त्यांमधून हे पिढ्यान्पिढ्या चालत आलंय. पूर्वी लोक दाराआड वाळवायचे, दाराआड खायचे. माझ्या मायनं, धुरपताबाई ओव्हाळनं, हिवरगावच्या भर बाजारात त्याचं दुकान टाकलं. रीतसर परवाना काढला, वर स्वतःच्या नावाची पाटी लावली आणि काचेच्या बरण्यांत चान्या मांडल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा. बाप गेल्यावर आम्हा दोघा भावंडांची शिक्षणं त्याच दुकानावर झाली. आता तिला कुणी म्हणालं, दुकान बंद करा आणि आराम करा, की ती विचारते, "का? मी काय आजारी हाय?"

तर त्या गुरुवारी मी रजा काढून गावी आले होते. बाजार भरात होता आणि निरीक्षक लोमटे 'जिव्हा' घेऊन आले.

जिव्हा म्हणजे मुठीत मावणारं यंत्र. पुढं सुई, मागं दिवा. सुई मांसात टोचली की आतली चिप वास हुंगते, रस चाखते आणि निकाल देते. हिरवा दिवा म्हणजे ताजं किंवा पक्व, लाल म्हणजे सडकं. खराब मांस खाऊन लोक आजारी पडायचे, त्यावर उपाय म्हणून सरकारनं ही जिव्हा सगळ्या दुकानांना सक्तीची केली होती. हेतू चांगला होता, नाही म्हणत नाही मी. पण नियम मोठा कडक. लाल दिवा लागला की दुकानाला सील. मग अपील करायचं. ते फेटाळलं गेलं की परवाना रद्द, तोही कायमचा.

लोमट्यांनी बरणीतल्या चानीला सुई टोचली. लाल. दुसरी घेतली. लाल.

"धुरपताबाई, सील लावावं लागेल," ते खाली मान घालून म्हणाले.

"हिरवा येईस्तोर टोच की."

"तसं चालत नाही हो."

"ह्या डबड्याला दात हायेत का?" मायनं विचारलं. "चावलं का त्यानं? गिळलं का?" तिनं बरणीतून एक चानी काढली, दाढेखाली धरली आणि कराकरा चावायला लागली. "आता थांब हितंच. मी मरते का बघ."

आजूबाजूचे दुकानदार हसायला लागले. लोमटे बिचारे घाम पुसत खरंच थांबले थोडा वेळ. माय काही मेली नाही. पण सील लागायचं ते लागलंच. नियमाप्रमाणे त्यांनी तीन नमुने बंद करून दिले, एक अपिलात चाखायचा, एक सुनावणीच्या दिवशी फोडायचा आणि एक आमच्या तपासणीसाठी. बाजार पांगला तशी माय माझ्याकडे वळली.

"हे डबडं तुझ्याच कंपनीचं ना गं?"

मी मान डोलावली.

"मग नीट कर त्याला."

*

पुण्यात आल्या आल्या मी प्रयोगशाळेत शिरले. आधी जंतू बघितले. चानीचा तुकडा पाण्यात भिजवला, ते पाणी जंतू वाढवायच्या बश्यांवर सोडलं आणि बश्या उबेत ठेवल्या. त्रास देणारं काही म्हणता काही वाढलं नाही. वाढणार कसं? जंतूला जगायला पाणी लागतं आणि चानीत पाणी ठेवलेलंच नसतं. जे थोडं उरतं ते मिठानं धरून ठेवलेलं असतं. म्हणजे खाणाऱ्याला धोका शून्य. तरीही दिवा लाल.

इथं थोडं रसायन सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. जनावर मेलं तरी त्याचं मांस लगेच थंड बसत नाही. रक्त थांबतं, प्राणवायू थांबतो आणि पेशींमध्ये साठलेल्या साखरेचं आम्ल होतं. पेशीला ताकद पुरवणारे रेणू तुटत जातात. तुटता तुटता मधेच त्यांचा इनोसिनेट नावाचा पदार्थ होतो, ज्यानं तोंडाला पाणी सुटतं. आणखी तुटला की त्याचंच कडवट हायपोझँथिन होतं. दुसरीकडे मांसातलीच विकरं प्रथिनांच्या लांब साखळ्या कातरत बसतात. त्यातून अमिनो आम्लं सुटी होतात, मांस मऊ होतं आणि चव दाट होते. ताजं कापलेलं मांस म्हणूनच बेचव लागतं. ते काही दिवस मुरावं लागतं.

आणि तिसरी चरबी. ती हवेशी हळूहळू जुळत जाते आणि त्यातून अल्डिहाइडं निघतात. थोडी असली तर काजू-बदामाचा, कढवलेल्या लोण्याचा वास. जास्त झाली तर खवट. हे सगळं साहित्य निखाऱ्यावर गेलं की अमिनो आम्लं आणि साखर एकमेकांना भिडतात आणि मग तो भाजल्याचा वास येतो, ज्यानं शेजारची माणसंसुद्धा दारात येऊन उभी राहतात.

आता यातली मेख बघा. मुरलेल्या मांसात आणि बिघडलेल्या मांसात रेणू बरेचसे तेच असतात, फक्त प्रमाण वेगळं. यंत्राला रेणू मोजता येतात. पण कुठल्या मिश्रणाला पक्व म्हणायचं आणि कुठल्याला सडकं, ते त्याला माणसांनी शिकवावं लागतं. आमच्या कंपनीत त्यासाठी चाखणी मंडळ होतं. त्यांनी शेकडो नमुने चाखायचे, निकाल द्यायचे, आणि जिव्हेनं ते गिरवायचे.

मी एका बड्या हॉटेलातून मांस मागवलं. हेही म्हशीचंच, पण काचेच्या थंडगार कपाटात महिनाभर टांगून मुरवलेलं. लोक आधी नाव नोंदवून ते खायला जातात. जिव्हेनं त्याला हिरवा दिवा दिला, वर 'उत्तम पक्व' असा शेराही. मग मी त्याचा आणि मायच्या चानीचा आलेख शेजारी ठेवला. अमिनो आम्लं सारखीच, चानीत जरा जास्तच. सडण्याची खूण असलेली रसायनं दोन्हींत नगण्य. फरक होता तो चरबीत. उन्हात वाळल्यामुळे चानीत अल्डिहाइडांची एक वेगळी जोडी होती. अपायकारक मुळीच नाही. पण ती जोडी दिसली रे दिसली की जिव्हा बाकी काही बघतच नव्हती, सरळ लाल दिवा लावत होती.

म्हणजे उन्हात वाळलेल्या मांसाचा वास आला की सडकं म्हण, असं तिला कुणीतरी शिकवलं होतं.

आणि चाखणी मंडळाचा प्रमुख होता माझा सख्खा भाऊ.

*

कंपनीत हे कुणालाच माहीत नव्हतं. माझा भाऊ धम्मपाल ओव्हाळ शिकायला म्हणून गावाबाहेर पडला आणि कधीतरी डी. पी. हिवरगावकर झाला. गावाच्या नावाला 'कर' लावलं की कुणी पुढं विचारत नाही. कंपनीत सगळे त्याला पाल सर म्हणत. त्याच्यासारखं नाक मी दुसरं पाहिलं नाही. चहाचा वास घेऊन दूध सकाळचं की कालचं ते सांगायचा. मी नोकरीला लागले तेव्हा त्यानं मला एकच विनंती केली होती. ऑफिसात दादा म्हणायचं नाही. वहिनीला सगळं माहीत होतं, पण तिच्या माहेरी आणि त्याच्या सोसायटीत माहीत नव्हतं. मला ते आवडलं नव्हतं, मी तसं तोंडावर सांगितलंही होतं. पण त्याच्या जिवावर येतं तर राहू दे, म्हणून मी सर म्हणत होते.

मी आलेख घेऊन त्याच्या केबिनमध्ये गेले.

"दादा..."

"इथं सर म्हण."

"बरं, सर. तुमच्या आईच्या दुकानाला सील लागलंय, सर."

त्यानं उठून दार लावलं. मी सगळं सांगितलं. त्यानं आलेखाकडे बघितलंसुद्धा नाही.

"तिला पुण्याला घेऊन ये," तो म्हणाला. "किती वर्षं सांगतोय मी. या वयात कशाला हवाय तो बाजार? सुटली समज त्यातून."

"ती सुटायला बघत नाहीये. ती लढायला बघतेय."

"यंत्राला कोण कुणाची आई ते कळत नाही, उत्पला. मी काय करू?"

"चाखा. अपिलातला नमुना मंडळानं पुन्हा चाखायचा असा नियम तुम्हीच केलाय ना? तो पाळा. एवढंच मागतेय."

त्यानं चाखणीची तारीख लिहून दिली. नाही म्हणायला त्याला जागाच नव्हती.

*

चाखणीच्या खोलीत लाल दिवे असतात, मांसाचा रंग कळू नये म्हणून. प्रत्येक चाखणाऱ्याला स्वतंत्र कप्पा. झाकलेल्या वाटीत भाजलेला तुकडा येतो, वर फक्त क्रमांक. झाकण उचलायचं, वास घ्यायचा, चावायचं आणि काय जाणवलं ते बोलायचं. मग सगळ्यांनी गोल टेबलाशी बसून एकच निकाल ठरवायचा. त्याला आम्ही एकमत म्हणतो. मी काचेच्या पलीकडे कान लावून बसले होते.

आमच्यातल्या सगळ्यात जुन्या फ्रेनीबाई. त्यांनी चानी तोंडात घातली, डोळे मिटले आणि बराच वेळ चघळत बसल्या. "काजू," त्या म्हणाल्या. "भाजलेले काजू. आणि मागून साजूक तूप येते. मस्त मुरलेलं आहे हे! कोणत्या हॉटेलमधून आणला?"

पलीकडच्या कप्प्यातला सावियो म्हणाला, "सुकं खोबरं भाजल्यासारखं. खारट आहे थोडं, पण छान आहे."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तेवढ्यात माझी नजर शेवटच्या कप्प्याकडे गेली. दादानं वाटीचं झाकण अगदी थोडं उचललं आणि चटका बसल्यासारखं लगेच खाली ठेवलं. काट्याला हात लावला नाही. पाण्याचा घोट घेतला, घसा साफ केला आणि म्हणाला, "सडकं."

मी काचेला नाक लावून बघत राहिले. त्यानं तो तुकडा तोंडात घातलाच नव्हता.

मग सगळे गोल टेबलाशी बसले. "मित्रहो, चरबी पार गेलीय याची," दादा शांतपणे म्हणाला. "पहिल्या वासातच कळतं." फ्रेनीबाई गोंधळल्या. त्यांनी वाटी पुन्हा नाकाशी नेली. "तुम्ही म्हणता तर... हो, काहीतरी आहे खरं." सावियोनंही मान डोलावली. पाल सरांच्या नाकाला नाही म्हणायची छाती त्या खोलीत कुणाची नव्हती. बघता बघता काजू गेले, तूप गेलं, खोबरं गेलं. एकमतानं निकाल लागला, सडकं.

यंत्राला शिकवताना, पहिल्या खेपेलाही असंच घडलं असणार, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं. तळपायाची आग मस्तकात गेली.

मी त्याला पार्किंगमध्ये गाठलं.

"तू तोंडात घातलं नाहीस."

"गरज नव्हती."

"दादा, माझ्याकडे बघून बोल. तुला ओळखू आलं ना? मायच्या हातचं आहे हे कळलं तुला."

तो गाडीला टेकून उभा राहिला. आजूबाजूला कुणी नव्हतं तरी हळू आवाजात बोलायला लागला. "झाकण उचलायच्या आधीच कळलं. त्या वेळी कंपनीनं बाजारातून पन्नास प्रकारचे नमुने आणले होते, त्यात चान्या होत्या. कुठल्या गावच्या कोण जाणे. फ्रेनीबाईंनी हे जन्मात खाल्लेलं नाही, त्यांना काजू म्हणता येतं. सावियोला खोबरं म्हणता येतं. मी चांगलं म्हणालो असतो आणि कुणी सहज विचारलं असतं, पाल सर, हे आहे तरी काय? तर मला उत्तर माहीत होतं गं. बाकी कुणालाच माहीत नव्हतं, एकट्या मला."

"म्हणून सडकं?"

"सगळ्यात आधी बोलून टाकलं. म्हणजे कुणी विचारायला नको. वाटलं, शेकड्यांनी नमुने आहेत, एकानं काय होतंय? बुडून जाईल त्यात."

"तुझ्या मताला सगळ्यात जास्त वजन दिलंय यंत्रात. एका शब्दानं तू राज्यभरच्या चान्यांना आग लावलीस! आणि आज पुन्हा तेच? आज तर आपल्या मायचं होतं!"

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला त्याचा भयंकर राग आला. मग त्याची कीव आली. आणि कीव आली म्हणून पुन्हा राग आला. हॉस्टेलात त्याच्या पेटीतला डबा उघडून मुलांनी काय काय ऐकवलं होतं ते मला माहीत होतं. त्यानंतर सुट्टीत घरी आला की तो चान्यांच्या भाजीला हात लावायचा नाही, नुसती भाकरी आणि चटणी खायचा. पण तेव्हाचा तो पोरगा होता. आता त्याच्या एका शब्दावर दुकानं बंद पडत होती.

"सुनावणीत मी हे सगळं सांगणार आहे," मी म्हणाले.

"सांग." त्याचा आवाज फुटला. "नोकरी जाईल, नाव जाईल, घरात काय होईल ते होईल. सांग तू."

*

मी तडक हिवरगाव गाठलं. सील लावलेल्या दुकानापुढच्या पायरीवर माय बसली होती. बंद दुकानापुढे रोज येऊन बसायची ती. कुणी विचारलं की सांगायची, "सुट्टी हाय डबड्याला. येईल परत ठिकाणावर."

मी तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"झाकन उघडलं आन् वळखलं म्हन्तीस?" तिनं विचारलं.

"हो."

"मंग इसरला न्हाई." ती पदरानं डोळे पुसत होती की चष्मा, मला कळलं नाही. पण पुढचं बोलली ते ठणठणीत आवाजात. "हे बघ उत्पले. तिथं त्याचं नाव घ्यायचं न्हाई. पोटचा हाय तो माझ्या. मी त्याला चार लोकांत उघडा पाडनार न्हाई."

"माय, अगं परवाना जाईल! कायमचा जाईल! तू काय बोलायलीस कळतंय का तुला? त्यानं तुझं दुकान बुडवायचं आणि तू त्यालाच पाठीशी घालायचं?"

"दुकान बी मी सोडनार न्हाई."

"मग दोन्ही कसं जमायचं?"

"खायला लावू त्याला," माय म्हणाली. "यंत्रानं खाल्लं न्हाई, त्यानं बी खाल्लं न्हाई. न खाताच सडकं ठरवायलेत सगळे. त्यानं माझ्यासमोर तोंडात घालावं आन् मंग सडकं म्हनावं. म्हनला तर मी माझ्या हातानं टाळं लावते. माझं तोंड पुन्हा ह्या बाजारात दिसनार न्हाई."

मी तिला पुष्कळ समजावलं, भांडलेसुद्धा. जो माणूस वाटीसमोर दोनदा पळाला तो तिसऱ्यांदा का थांबेल? पण माझ्या मायनं एकदा ठरवलं की ठरवलं. तिनं माझ्याकडून त्याचं नाव घेणार नाही असा शब्द घेतला आणि मग उठून माझ्यासाठी चहा टाकायला गेली.

*

सुनावणी जिल्ह्याच्या गावी होती. अधिकारी दांडगे साहेब, पिकलेल्या मिशांचा तुटक बोलणारा माणूस. कंपनीकडून एक वकील आला होता आणि तज्ज्ञ म्हणून दादा. कडक इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांखाली काळं. माय ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात निखाऱ्यांची शेगडी घेऊन आत आली. शेगडी बघून शिपाई आडवा झाला.

"हे कशाला, बाई?" दांडग्यांनी विचारलं.

"चानी भाजायला. भाजल्याबिगर खरी चव कळत न्हाई साहेब तिची."

"खोलीत निखारे चालणार नाहीत."

"मंग व्हरांड्यात चला."

दांडग्यांच्या मिशा जरा हलल्या. ते उठले आणि सगळी सुनावणी व्हरांड्यात आली. त्यांनी स्वतः नमुन्याचं सील फोडलं, जिव्हेची सुई टोचली. दिवा लाल. वकील लगेच पुढं सरसावला. "साहेब, यंत्राचा निकाल लाल आहे, चाखणी मंडळाचंही एकमत आहे. आता आणखी काय बघायचं?"

मी जंतूंच्या तपासणीचा अहवाल दिला. धोका नाही, हे पटवून सांगितलं. वकील म्हणाला, "धोका नसेलही. पण कायद्यात शब्द आहे सडकं, आणि सडकं काय ते मंडळ ठरवतं." दुर्दैवानं कायद्यात तसंच होतं. मंडळाचा निकाल फिरवायचा अधिकार फक्त मंडळाच्या प्रमुखाला होता. आणि प्रमुख माझ्यापासून चार हातांवर जमिनीकडे बघत उभा होता. त्याचं नाव माझ्या अगदी ओठावर आलं. मायनं माझं मनगट घट्ट दाबलं.

तिनं खाली बसून निखाऱ्यांवर त्याच नमुन्यातली चानी टाकली. चरबी चरचरली. वास सुटला तसे आतल्या टेबलांवरचे कारकून एकेक करत दारात येऊन उभे राहिले. मायनं चानी फडक्यात धरली, आपटून राख झटकली आणि उभी राहिली.

"मी अडानी बाई हाय," ती म्हणाली, आणि माझी आई अडाणी मुळीच नाही, पण ते असो. "माझं येवढंच म्हननं हाय. ह्या साहेबांचं कामच खाऊन सांगायचं हाय. तर त्यांनी माझ्यासमोर खावं. खाऊन सडकं म्हनले तर माझा परवाना घ्या, आत्ता घ्या, मी अंगठा देते."

"सरांवर असं काही बंधन नाही," वकील म्हणाला.

"बंदीही नाही," दांडगे म्हणाले. "हिवरगावकर, तुमची काही हरकत?"

दादानं वर बघितलं. माय त्याच्याकडे एखाद्या परक्या अधिकाऱ्याकडे बघावं तशी बघत होती. चेहऱ्यावर ओळखीची रेघ नाही. "घ्या साहेब," ती म्हणाली. "गरम हाय. जपून."

साहेब म्हणाली ती त्याला. पोटच्या पोराला. मला रडू कोसळेल असं वाटलं.

दादानं हात पुढं केला. मला वाटलं, आता तो फक्त हुंगेल आणि परत देईल. त्यानं चानी दोन्ही हातांत धरली आणि धाग्याच्या दिशेनं उभी फाडली. नवखा माणूस ती आडवी तोडायला बघतो आणि दात दुखवून घेतो. उभी फाडायची असते हे घरात वाढलेल्यालाच माहीत असतं. एक पट्टी त्यानं दाढेखाली घेतली. चावली. थांबला. पुन्हा चावली. डोळे भरून आले तरी तो चावतच राहिला, सावकाश.

"तर मग?" दांडग्यांनी विचारलं. "सडकं?"

दादानं घास गिळला.

"माय," तो म्हणाला, "मीठ कमी झालंय."

"काय म्हणालात, सर?" वकिलानं घाबरून विचारलं.

"कोण माय?" दांडग्यांनी विचारलं.

"ही. माझी आई आहे ही, धुरपताबाई ओव्हाळ. मी धम्मपाल ओव्हाळ." हे नाव त्याच्या तोंडून मी कित्येक वर्षांनी ऐकत होते. त्याचा आवाज दारातल्या कारकुनांपर्यंत पोचत होता. "हे सडकं नाही. यंत्राला सडकं म्हणायला मी शिकवलं, एकदाही तोंडात न घालता. मंडळाचं एकमतही मीच वळवलं. तो निकाल मी रद्द करतो. राज्यभर जिथं जिथं या वासावरून सील लागलीत तीही काढा, कारण चूक त्या माणसांची नाही, माझी आहे. लिहून घ्या साहेब, सही करतो."

वकील त्याची बाही ओढत काहीतरी कुजबुजत होता. दादानं बाही सोडवून घेतली. मी आता मोकळेपणानं रडत होते आणि मला त्याची काही लाज वाटत नव्हती.

माय मात्र जागची हलली नाही. तिनं कमरेवर हात ठेवले आणि पोराला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"मीठ बराबर हाय," ती म्हणाली. "लई वर्सांनी खायलास, म्हनून कमी लागायलंय. घे, आनखी एक खा."

आणि ती शेगडीशी बसून दुसरी चानी भाजायला लागली.